नाव मोठे की फी मोठी? बेळगावच्या पालकांसाठी विद्यापीठ निवडीचा हिशोब

वडगावातील एक यंत्रमागधारक गृहस्थ गेल्या जूनमध्ये माझ्याकडे आले. त्यांनी खिशातून लग्नपत्रिकेचे एक पाकीट काढले. पाकिटाच्या पाठीवर दोन उभे रकाने आखलेले होते. डावीकडे ‘बेंगळूर’ असे लिहून त्याखाली २२ लाख, उजवीकडे ‘गावात’ असे लिहून त्याखाली ५ लाख. मुलगा पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्स झालेला, कर्नाटकाच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेत मध्यम रँक मिळालेला. बेंगळुरूतील एका खासगी विद्यापीठाने त्याला संगणक शाखेची सीट देऊ केली होती आणि इथल्या कॉलेजात सीईटीतून सीट मिळण्याची शक्यता होती. “तो बेंगळूरच म्हणूलालाय, सर,” एवढेच ते म्हणाले आणि पाकीट माझ्यापुढे सरकवले.

सीमाभागातील मराठी घरांत दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मुलांसमोर धारवाड, बेंगळुरू, कोल्हापूर, सांगली, पुणे आणि गोवा अशा अनेक दिशा उघड्या असतात, त्यामुळे निवड अधिकच गुंतागुंतीची होते. त्या पाकिटावरचे आकडे बरोबर होते, पण त्यांच्या वरची दोन नावे अपुरी होती. ‘बेंगळूर’ आणि ‘गावात’ ही ठिकाणे झाली. पदवी कोण देते, शिकवते कोण आणि नोकरीसाठी दारात कोण येते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि फी ठरवण्याआधी ते सुटे करून पाहावे लागतात.

पहिला प्रश्न पदवीचा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, म्हणजे आपल्या बोलण्यातील व्हीटीयू, १९९८ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय बेळगावजवळ मच्छे येथे आहे. बेंगळुरूमधील आर. व्ही., बी. एम. एस. आणि रामय्या या नामांकित अभियांत्रिकी संस्था याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्या उद्यमबागेतील गोगटे इन्स्टिट्यूटही त्याचेच. म्हणजे खानापूर रस्त्यावरून मच्छेची पाटी ओलांडून स्टेशनावर पोचलेला आणि रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला गेलेला मुलगा चार वर्षांनी जी पदवी घेऊन परततो, तिच्यावर मच्छेच्याच विद्यापीठाचे नाव असते. मला या गोष्टीची दरवेळी गंमत वाटते, पण ती पालकांना सांगितली की हिशोब बराच मोकळा होतो. पदवीच्या नावासाठी म्हणून गाव सोडण्याचे कारण उरत नाही. कॉलेजसाठी सोडण्याचे कारण असू शकते, आणि ते वेगळे तपासावे लागते.

इथे काही शब्दांचा उलगडा आवश्यक आहे, कारण माहितीपत्रकांत ते जाणूनबुजून एकमेकांत मिसळलेले असतात. संलग्न कॉलेज म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सर्व विद्यापीठाचे आणि शिकवणे तेवढे कॉलेजचे. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पण पदवी विद्यापीठाचीच असते. अभिमत विद्यापीठ ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमाखाली केंद्राने विद्यापीठासमान मानलेली संस्था होय आणि ती स्वतःची पदवी देते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अशा संस्थांना नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावण्यास मनाई झाली, म्हणून आपल्याकडील केएलईच्या अभिमत संस्थेच्या नावात ‘अकॅडमी’ आहे, जरी रिक्षावाल्यापासून सगळे आजही तिला युनिव्हर्सिटीच म्हणतात. खासगी विद्यापीठ हा चौथा प्रकार असून ते राज्याच्या कायद्याने निर्माण होते आणि तेही स्वतःची पदवी देते. या चारही प्रकारांत उत्तम संस्था आहेत आणि सुमारही आहेत. प्रकारावरून दर्जा कळत नाही. पदवीवर कोणाचे नाव येणार आणि फीवर सरकारचे नियंत्रण कितपत असणार, एवढेच त्यातून कळते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाग आणि नामांकित हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो, पण भारतात ते बहुधा एकत्र नांदत नाहीत. अमेरिकेत सर्वांत नावाजलेली विद्यापीठे बहुतांशी खासगी आणि महाग आहेत, आणि तिथल्या चर्चा वाचून आपणही तोच प्रश्न इथे उचलून आणतो. आपल्याकडे ज्यांच्या नावाला खरोखर बाजारात किंमत आहे त्या संस्था बहुधा सरकारी आहेत आणि तुलनेने स्वस्त आहेत. २०१६ साली धारवाडला आयआयटी सुरू झाली. तिथे, कोणत्याही आयआयटीप्रमाणे, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न १ लाखापेक्षा कमी आहे त्या विद्यार्थ्याला शिकवणी फी पूर्ण माफ असते आणि १ ते ५ लाख उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ असते. म्हणजे वडगावच्या यंत्रमागधारकाच्या मुलाला धारवाडची आयआयटी मिळाली असती, तर बेंगळुरूच्या त्या खासगी सीटपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली असती. सुरतकलच्या एनआयटीचेही तसेच. तेव्हा आपल्यासमोर येणारी प्रत्यक्ष निवड बहुतेक वेळा ‘नामांकित व महाग’ विरुद्ध ‘साधे व स्वस्त’ अशी नसते. ती ‘महाग आणि चांगली जाहिरात केलेले’ विरुद्ध ‘परवडणारे आणि जाहिरात न केलेले’ अशी असते.

नावाचा खरोखर किती उपयोग होतो यावर गंभीर अभ्यास झालेले आहेत. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात १९७६ साली कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढील कमाई तपासली होती. सारख्याच दर्जाच्या संस्थांनी प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी मोठ्या नावाच्या ठिकाणी गेले, कोणी कमी नावाच्या, तरी पुढे कमाईत फारसा फरक दिसला नाही. हुशारी आणि जिद्द विद्यार्थ्याबरोबर जाते, असा त्याचा ढोबळ अर्थ. मात्र त्यात एक अपवाद होता आणि तो आपल्याला लागू पडतो. गरीब घरांतून आलेल्या मुलांना मोठ्या नावाचा फायदा झालेला दिसला. ज्यांच्या घरात ओळखी नसतात, त्यांना संस्थेने ओळखी मिळवून दिल्या, असे त्याचे एक कारण संभवते.

भारतातील परिस्थितीवर शीतल सेखरी यांचा अभ्यास २०२० मध्ये आला. नामांकित सरकारी कॉलेजातून पदवी घेतल्याने पगार वाढतो, पण पदवीअखेरच्या परीक्षेतील गुण मात्र त्यामुळे वाढलेले दिसत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दुसऱ्या शब्दांत, नाव विकले जाते, शिकवणे त्या मानाने सरस असेलच असे नाही. पण लक्षात घ्या, हा फायदा नामांकित सरकारी कॉलेजांचा आहे, जिथे प्रवेश गुणांवर मिळतो. पैसे भरून मिळणाऱ्या सीटला हा निष्कर्ष चिकटवता येत नाही, आणि प्रवेश सल्लागार नेमके तेच करतात.

मग महागडे खासगी विद्यापीठ काय देते? काही बाबतीत खरोखर देते. बेंगळुरूत कंपन्या आहेत आणि ज्या कॉलेजातून आधी मुले घेतली तिथेच त्या पुन्हा येतात. वर्गातील इतर मुले चांगली असली तर आपला मुलगा त्यांच्यामुळे वर चढतो. मोठ्या शहरात प्रशिक्षणाची संधी दारात असते. पण यातील प्रत्येक गोष्ट कॉलेजाकॉलेजांत वेगळी असते आणि ती विचारून, पाहून ठरवावी लागते.

ती पाहण्याचा एक चांगला मार्ग बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, २०१६ पासून प्रसिद्ध होत आहे. तिच्यासाठी संस्थांना जी माहिती द्यावी लागते, तीत किती विद्यार्थी दाखल झाले, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे सारे असते. क्रमांकाकडे दुर्लक्ष करून ही माहिती वाचावी. मध्यक हा शब्द इथे मोलाचा आहे. समजा पाच मुलांना अनुक्रमे ४, ४, साडेचार, ५ आणि ४० लाख पगार मिळाला. या पाचांची सरासरी साडेअकरा लाख येते आणि फलकावर तीच छापली जाते. पण ओळीत मधोमध उभ्या असलेल्या मुलाला मिळाले साडेचार लाख. आपला मुलगा बहुधा त्या मधल्या मुलासारखा असतो. चाळीस लाखवाला एकच असतो आणि त्याचा फोटो मात्र कॉलेजच्या फाटकावर दहा फूट उंचीचा लागतो. शिवाय नोकरी लागलेल्यांची संख्या उत्तीर्ण झालेल्यांच्या संख्येने भागून पाहिल्याशिवाय मध्यकसुद्धा पुरेसा नसतो, कारण नोकरी न लागलेले त्यात मोजलेलेच नसतात.

आता पाकिटावरच्या २२ लाखांकडे वळू. त्या गृहस्थांचा आकडा असा होता की फी वर्षाला ४ लाख, वसतिगृह, मेस आणि येणेजाणे मिळून दीड लाख, म्हणजे साडेपाच लाख आणि चार वर्षांचे २२ लाख. इथल्या सीटला फी लाखाच्या आसपास आणि बसपास, पुस्तके धरून सव्वा लाख, चार वर्षांचे ५ लाख. फरक १७ लाखांचा. त्यातील ७ लाख सोसायटीच्या ठेवी मोडून, भिशी उचलून आणि दोन माग विकून उभे करायचे आणि १० लाखांचे शैक्षणिक कर्ज काढायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

त्या १० लाखांचे पुढे काय होते ते त्यांच्यासमोर मांडले, आणि तेच इथे देतो. बँक दरवर्षी अडीच लाख कॉलेजला पाठवते. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. ते सरळ व्याजाने साचत जाते. व्याजदर १० टक्के धरला तर पहिल्या वर्षी उचललेल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे, असे मिळून साडेतीन लाख व्याज साचते. म्हणजे हप्ते सुरू होण्याच्या दिवशी कर्ज १० लाख राहिलेले नसते, साडेतेरा लाख झालेले असते. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना सुमारे १७,८०० रुपये हप्ता बसतो आणि अखेरपर्यंत एकूण सुमारे २१ लाख ४० हजार भरले जातात. पहिल्या नोकरीत हातात ३० हजार पडले, तर निम्म्याहून अधिक पगार हप्त्यात जातो आणि उरलेल्यात बेंगळुरूत खोलीभाडे, जेवण आणि गावी पाठवायचे असते. ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे दोन माग तर गेलेच, वर पोराच्या मानेवर तिसरा.”

व्याजाबद्दल एक साधी सूचना अशी की शिकत असतानाच ते दरमहा भरता आले, तर साचणारा बोजा खूप हलका होतो. पहिल्या वर्षी अडीच लाखांवरचे महिन्याचे व्याज दोन हजारांच्या घरात असते. ज्या घराला तेवढेही जमण्यासारखे नाही, त्याने १० लाख उचलावेत का, हा विचार तिथेच करावा.

सवलतीही आहेत आणि त्या माहीत नसल्याने अनेक जण गमावतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळातील व्याज केंद्र सरकारच्या योजनेतून मिळू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार न मागता कर्ज दिले जाते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. पण संस्था त्या यादीत असली पाहिजे, आणि महागडी म्हणून ती यादीत असतेच असे नाही. एखादी संस्था खरोखर नावाजलेली आहे की नाही याची ही एक स्वस्तातली परीक्षाच म्हणावी लागेल. यादीबाहेरच्या संस्थेसाठी साडेसात लाखांपेक्षा अधिक कर्ज काढायचे तर सहसा तारण द्यावे लागते, आणि आपल्याकडे तिथेच घोडे अडते, कारण उताऱ्यावर आजोबांचे नाव, त्याखाली चार चुलत्यांची नावे आणि त्यातील एक जण मुंबईत, सही कोण आणणार? नोकरीला लागल्यावर व्याजाची रक्कम आठ वर्षे करपात्र उत्पन्नातून वजा होते, मात्र फक्त जुनी करप्रणाली निवडली तर.

मुलींसाठी तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील दोन मुलींना, पदविका किंवा पदवीसाठी, वर्षाला ५० हजार मिळतात. इथल्या सीईटी सीटच्या फीत यातून निम्मा भार उतरतो. बेंगळुरूच्या ४ लाखांत तेच ५० हजार कुठे गेले ते दिसतही नाही. कर्नाटकात अभियांत्रिकी कॉलेजांत मूळ जागांवर ५ टक्के जादा जागा असतात आणि त्यांत ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना शिकवणी फी माफ असते. सीईटीच्या अर्जात ‘एसएनक्यू’ असा रकाना दिसतो तो हाच. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून ही जागा हुकलेली मुले मी पाहिली आहेत.

सीमाभागातील मराठी मुलाला आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. कर्नाटकाच्या सीईटीसाठी मुख्य अट इथे किमान सात वर्षे शिकण्याची आहे आणि ती माध्यमाशी बांधलेली नाही. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मराठी माध्यमाच्या मुलाला मिळत नाही हे खरे, पण पहिली ते दहावी ग्रामीण भागातील शाळेत झाली असेल तर १५ टक्क्यांचा ग्रामीण कोटा मिळू शकतो. खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्यात बसतो. दुसरी गोष्ट पलीकडची. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे, ‘टाइप ई’ या नावाने. त्यासाठी एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्राची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि कागदपत्रे आधीपासून जुळवावी लागतात. सांगलीचे वालचंद किंवा पुण्याचे सीओईपी अशा, नाव असलेल्या आणि गुणांवर प्रवेश देणाऱ्या संस्था या दारातून गाठता येतात. २२ लाखांच्या बेंगळुरूपेक्षा हे दार आधी ठोठावून पाहणे शहाणपणाचे, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि निम्म्या लोकांनी त्याची परीक्षाच दिलेली नसते.

वैद्यकीय शिक्षणाचे गणित वेगळे आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण केल्यावर मिळणारा परवाना सगळीकडचा सारखाच आणि पुढचे पदव्युत्तर प्रवेश पुन्हा नीटवरच. त्यामुळे नीटच्या गुणांवर बेळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळत असताना केवळ नावासाठी अभिमत विद्यापीठाची फी भरण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांत पदवी जवळच्या कॉलेजात घेऊन नावाची संस्था पदव्युत्तर टप्प्यावर गाठणे बहुतेकांना परवडते, कारण कॅट किंवा केंद्रीय विद्यापीठांची परीक्षा देताना कोणी पहिल्या पदवीची फी विचारत नाही. अभियांत्रिकीतही गेट परीक्षा हाच जिना आहे. त्यात चांगले गुण मिळवून एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे ज्या नावासाठी आधी पैसे मोजायचे होते तेच नाव पुढे पैसे देऊ लागते.

महाग सीट कधी घ्यावी, असे कोणी थेट विचारले तर माझे उत्तर असे आहे. मध्यक पगार पाहून कर्जाचा हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसत असेल, हवी ती शाखा जवळ कुठेही मिळत नसेल आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाला हात लागणार नसेल, तर जरूर घ्यावी. यातील तिसरी अट पालक सर्वांत सहज विसरतात. उलट यांत्रिकी किंवा उत्पादन शाखेच्या मुलाने उद्यमबागेतील फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांत एक उन्हाळा घालवला, तर बेंगळुरूच्या काचेच्या इमारतीत न मिळणारे शिक्षण त्याला सायकलच्या अंतरावर मिळते. संगणक शाखेबाबत मात्र मी हे इतक्या ठामपणे म्हणणार नाही. तिथे शहराचा फायदा अजूनही आहे.

त्या गृहस्थांनी जाताना दुसरा कागद काढला. बेंगळुरूच्या त्या विद्यापीठाला ‘सीट बुकिंग’ म्हणून २५ हजार आधीच भरलेले होते आणि ते बुडाले असे त्यांना सांगण्यात आले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण रक्कम परत द्यावी लागते आणि त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्क्यांपेक्षा, कमाल ५ हजारांपेक्षा, जास्त कापता येत नाही. त्यानंतर परताव्याचे प्रमाण उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचाही संस्थेला अधिकार नाही. आम्ही त्याच दिवशी नियमाचा हवाला देऊन अर्ज लिहिला, ईमेलने पाठवला आणि प्रत जपून ठेवली.

सीईटीची पहिली फेरी लागली तेव्हा मुलाला इथली सीट मिळाली. त्याने ‘चॉइस २’ निवडला, म्हणजे मिळालेली सीट हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायांसाठी थांबला. यादीत वर त्याने बेंगळुरूची दोन सरकारी फीची कॉलेजे ठेवली होती, हा त्याच्या वडिलांबरोबरचा तोडगा. ऑगस्टमध्ये खात्यावर २३,७५० रुपये परत आले. फोनवर मला आधी ही रक्कम सांगण्यात आली, आणि दुसऱ्या फेरीत काय लागले ते त्यानंतर.